नटलेल्या पिकअप आणि न निघालेले मासिक

अचलपूर-परतवाडा या जुळ्या नगरांत आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड सुरू झाली, की चांदूर बाजार, मोर्शी आणि अंजनगावकडून येणाऱ्या रस्त्यांवर छोट्या मालवाहू गाड्यांची जी रीघ लागते, तिच्याकडे केवळ रहदारीचा खोळंबा म्हणून न पाहता दोन घटका स्वस्थपणे पाहण्याची तसदी कोणी घेतली, तर यांतील क्वचितच एखादी गाडी कारखान्यातून निघाली त्याच रूपात रस्त्यावर आहे, हे त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. कोणाच्या दर्शनी काचेवर रेडियमच्या अक्षरांत शेगावच्या महाराजांचे नाव, कोणाच्या टपावर कॅरिअर आणि त्यावर दिव्यांची ओळ, कोणाच्या बंपरपुढे स्टीलची जाळी, आरशांना गोंडे, मडगार्डवर मालकाच्या लेकरांची नावे, फाळक्यावर वाघ किंवा शिवछत्रपती, केबिनमध्ये निळसर प्रकाश आणि हे सारे एमएच २७ च्या पाटीभोवती इतक्या नेटकेपणाने रचलेले, की ती पाटीसुद्धा सजावटीचाच भाग वाटावी. सुशिक्षित मंडळी या प्रकाराला थिल्लर म्हणतात, सरकारी दप्तर त्यास सरसकट बेकायदा फेरफार म्हणते, आणि गाडीचा मालक या दोघांनाही काही न म्हणता पुढल्या हंगामात आणखी एक दिवा लावतो. माझे म्हणणे या तिघांहून निराळे आहे. ही एक कारागिरी आहे. तिच्यात गुण आहेत, तसेच जिवावर बेतणारे दोषही आहेत. आणि ते दोष दूर करण्याचे जे साधन इतर देशांतील अशाच हौशी लोकांना सत्तर-पाऊणशे वर्षांपूर्वी सापडले, ते आपल्याकडे कोणी हाती घेतलेले नाही. ते साधन म्हणजे मासिक.

ही गाडी आपल्या भागात आली कशी, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. वऱ्हाडचा माल प्रथम खाचरातून जाई. पुढे अचलपूरहून अंजनगाव, दर्यापूरवरून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद मापाची शकुंतला आली आणि तिने या मुलखातील कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत पोहोचवला. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चाललेली आणि मालकी हक्काने एका खासगी कंपनीकडेच राहिलेली ही गाडी आता थांबली आहे, आणि तिच्या पुनरुज्जीवनाच्या मागण्यांचे अर्ज मात्र थांबलेले नाहीत. मधल्या काळात ट्रक, मेटॅडोर, टेम्पो, चारशेसात अशी साधने होऊन गेली. परंतु ती बहुधा व्यापाऱ्याची किंवा पेशेवर वाहतूकदाराची असत. सामान्य शेतकऱ्याच्या घरासमोर चारचाकी मालवाहू गाडी उभी राहिली ती मे २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटांच्या ‘एस’ गाडीनंतर. दोन सिलिंडरचे, सुमारे ७०० सीसीचे डिझेल इंजिन आणि पाऊण टन माल वाहण्याची ताकद असलेल्या या चिमुकल्या गाडीला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले, आणि तिच्या मागोमाग महिंद्रांची बोलेरो पिकअप या रस्त्यांची अनभिषिक्त राणी झाली. भर पडली ती न्यायालयाच्या निर्णयांची. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी हलक्या वाहनाचाच परवाना पुरेसा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. शेती पुरत नाही, करोनाच्या काळात थांबलेल्या फिनले मिलसारख्या ठिकाणी नोकरीची आशा उरलेली नाही, आणि घरी एक परवाना व बँकेकडे एक अर्ज एवढ्या भांडवलावर धंदा उभा राहू शकतो, अशा अवस्थेतील पंचविशीतल्या मुलाने पिकअप घेतली नसती, तरच नवल होते.

आता हा मुलगा कर्जाच्या गाडीवर पुन्हा पदरचे पैसे का घालतो, हा प्रश्न शहाण्या माणसांना पडतो, कारण मालवाहू गाडी ही त्यांच्या लेखी नांगर-कुदळीसारखी वस्तू. परंतु या भूभागात राबणारी वस्तू आणि नटणारी वस्तू यांत असा भेद कधी नव्हताच. पोळ्याच्या दिवशी झूल, बाशिंग, घुंगरांच्या माळा आणि शिंगांना बेगड लावून जो बैल तोरणाखाली उभा राही, तो वर्षभर ओढकाम करणाराच बैल असे. तळेगाव दशासरच्या शंकरपटात धावणाऱ्या जोडीची बडदास्त काय असते, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पिकअपच्या मडगार्डवरील गोंड्यांचे गोत्र सांगावे लागणार नाही. बहिरमच्या यात्रेस पूर्वी रेंग्या आणि दमण्या सजवून कुटुंबे निघत. आज त्याच वाटेने रोडग्यांचे सामान आणि हंड्या घेऊन पिकअप निघतात, आणि गाडी धुऊनपुसून, नवे गोंडे लावूनच निघतात. गाडीवर कोरलेली अक्षरे हाही या मुलखाचा एक सामाजिक दस्तऐवजच आहे. ‘जय भीम’, ‘माउली’, ‘७८६’, ‘शेतकरी पुत्र’, ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ या पाट्या एकाच रांगेत उभ्या राहून वजनकाट्याची वाट पाहत असतात. हप्ते बँकेचे असले, तरी गाडीवर नाव आईबापाचेच असते, आणि या नावामुळेच तो मुलगा गावात गाडीमालक म्हणून ओळखला जातो, एरवी ज्याला तहसील कचेरीत कोणी खुर्ची दिली नसती.

येथे एका विसंगतीचा उल्लेख टाळता येत नाही. या गाड्यांच्या मागल्या काचेवर हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे असलेल्या गाडगेबाबांचे चित्र पुष्कळदा असते. बाबा याच मातीतले. त्यांचा जन्म १८७६ साली आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावचा. परतवाड्याहून अमरावतीस जाताना वलगावजवळ पेढी नदीचा जो पूल लागतो, त्याच ठिकाणी २० डिसेंबर १९५६ रोजी मोटारीतून जात असताना त्यांचा अंत झाला. जन्मभर ज्याने कर्ज काढून सण साजरे करू नका म्हणून गावोगाव कीर्तनातून कानीकपाळी ओरडून सांगितले, त्याच्याच मुद्रेस हप्त्याच्या गाडीवर महागड्या रेडियमची किनार लावून ती पेढीच्या पुलावरून दिवसातून दोनदा न्यावी, हे पाहून बाबांनी त्या मालकाची कशी खरडपट्टी काढली असती, याची कल्पना वऱ्हाडी माणसाला सहज करता येईल. त्या खरडपट्टीनंतर त्यांनी गाडीतली संत्री उतरवायला हात लावला असता, हेही तितकेच खरे.

परंतु हौस ही वऱ्हाडची मिरास नव्हे. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये आपल्या मॉडेल टी गाडीस मागे माल ठेवण्याचा हौदा बसवून ती तयार स्वरूपात विकावयास काढली, ती शेतकऱ्यांसाठी. १९६४ पासून त्या देशाने परदेशी बनावटीच्या हलक्या ट्रकांवर शेकडा २५ आयातशुल्क बसवले, आणि त्याचे मूळ युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर लावलेल्या जकातीत होते. तरीही जपानी कंपन्यांनी हौद्याविना केवळ सांगाडे धाडून व हौदे तिकडेच बसवून ही जकात बरीच वर्षे चुकवली, आणि डॅटसन, टोयोटा यांच्या स्वस्त, ठेंगण्या पिकअप कॅलिफोर्नियातील तरुणांच्या हाती पडल्या. पहिली गाडी म्हणून परवडणारी एकच वस्तू मिळाली, की माणूस तिलाच आपल्या मनासारखी करू लागतो. त्या पोरांनी स्प्रिंगा कापून गाड्या जमिनीलगत आणल्या, हौद्यात ध्वनिवर्धक भरले, रंगांवर महिनेच्या महिने घालवले. जपानात दिव्यांनी मढवलेल्या ट्रकांचा असाच पंथ निर्माण झाला आणि १९७५ ते १९७९ या काळात तोएई कंपनीने त्यावर दहा चित्रपटांची मालिका काढली. म्हणजे कष्टाचे वाहन नटवण्याची उबळ दर्यापूरला जशी, तशीच टोकियोलाही.

फरक पडला तो कागदावर. लॉस एंजेलिसच्या परिसरात जुन्या मोटारी मोडून वेगवान करणाऱ्या पोरांचा धुमाकूळ दुसऱ्या महायुद्धानंतर इतका वाढला, की वृत्तपत्रे त्यांना गुंड म्हणत आणि पोलीस त्यांच्या मागावर असत. अशा वेळी, जानेवारी १९४८ मध्ये, रॉबर्ट पीटरसन नावाच्या एकविशीतल्या तरुणाने ‘हॉट रॉड’ हे मासिक काढले. त्याचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन करून या मंडळींना रस्त्यावरून उचलून बंदिस्त धावपट्टीवर नेले, शर्यतीपूर्वी गाडीची तपासणी सक्तीची केली, आणि कोणता फेरफार मान्य व कोणता अमान्य याची नियमावली लिहून काढली. जे काम फौजदारी खटल्यांनी झाले नव्हते, ते मासिकाच्या पानांनी आरंभले. कारण मासिक वाचणारा पोरगा पोलिसाला भीत असे, पण मासिकाला मानत असे. पिकअपच्या बाबतीत ही भूमिका १९७५ मध्ये निघालेल्या ‘ट्रकिन’ने, आणि पुढे ‘मिनी ट्रकिन’, ‘स्ट्रीट ट्रक्स’ यांसारख्या नियतकालिकांनी बजावली. यांच्या मुखपृष्ठांवर झगझगीत गाड्या असत, जाहिरातींचा भडिमार असे, अभिरुचीच्या दृष्टीने पुष्कळ पाने टाकाऊच असत. परंतु आतल्या पानांत गाडी खाली आणताना ब्रेकच्या नळीचे काय करावे, धुरा किती सरकतो, कोणत्या जाडीची तार किती प्रवाह सोसते, हे पायरीपायरीने, छायाचित्रांसह दिलेले असे.

कायद्याशी या मासिकांचे नाते मोठे बोधप्रद आहे. कॅलिफोर्नियाने १९५८ मध्ये असा नियम केला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या लोखंडी कडेपेक्षा खाली असता कामा नये. त्याचा रोख मेक्सिकन वंशाच्या तरुणांच्या जमिनीलगत चालणाऱ्या मोटारींवर होता, हे उघड गुपित होते. त्यावर उपाय म्हणून १९५९ मध्ये एका गाडीवर विमानाच्या सुट्या भागांतील पंप बसवण्यात आले; पोलीस दिसला की कळ दाबून गाडी वर उचलायची, तो गेला की पुन्हा खाली. १९७७ मध्ये सान होजेच्या विद्यार्थ्यांनी ‘लोरायडर’ मासिक काढले आणि या गाड्यांमागची माणसे, त्यांची कुटुंबे, त्यांची वस्ती, त्यांची चित्रकला यांची कैफियत छापील स्वरूपात मांडली. तो जुना नियम आणि ठिकठिकाणच्या रस्त्यांवर फेरफटका मारण्यावरील बंदी १ जानेवारी २०२४ पासून त्या राज्याने रद्द केली. कैफियत दाखल झाली, पण निकाल ऐकायला वादी उरला नाही. कारण डिसेंबर २०१९ मध्ये एका प्रकाशनसंस्थेने आपल्या १९ मोटारविषयक नियतकालिकांची छपाई एकाच हुकमाने थांबवली, त्यांत ‘लोरायडर’ही होते.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो, हे गाडीमालकांना ठाऊक नाही, आणि पुष्कळदा चौकात पावती फाडणाऱ्यालाही नीट ठाऊक नसते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ अन्वये कारखानदाराच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई अधिक स्पष्ट केली. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तजवीज केली. इतके वाचून गोंडे लावणाऱ्याचा थरकाप उडावा. परंतु कलम ५२ च्याच स्पष्टीकरणात फेरफार म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा बदल, ज्याने त्याचे मूळ स्वरूप पालटते, असे म्हटले आहे. गोंड्याने गाडीचे मूळ स्वरूप पालटत नाही. लेकराच्या नावाने तर नाहीच नाही. ज्याने ते खरोखर पालटते, ती यादी वेगळी आहे. माल जास्त भरता यावा म्हणून कमानीत वाढीव पाटे घालणे, हौद्याच्या फळ्या उंचावणे, आणि गणपती-लग्नांच्या हंगामात ध्वनिवर्धकांच्या भिंती उभारून त्यांचा भार एका कुशीस झुकवणे, ही त्या यादीतील ठळक नावे. बंपरपुढील स्टीलच्या जाळीविरुद्ध केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहिले होते. समोरून धडक बसली, तर ती जाळी आघात शोषण्याऐवजी तो सांगाड्यावर आणि पादचाऱ्यावर ढकलते. याउलट, एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी मालवाहू गाड्यांवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ या अक्षरांवर बंदी घातली. निष्कारण हॉर्न वाजू नये हा हेतू निर्मळ होता, पण अक्षरे गेली आणि हॉर्न राहिले.

या अज्ञानाचा परिणाम म्हणून एक विलक्षण शिरस्ता पडला आहे. गाडीचे पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरसाल करावे लागते. पासिंगच्या आदल्या दिवशी जाळी, कॅरिअर, जादा दिवे काढून घरी ठेवायचे, दाखला हाती पडला की परतताना ते पुन्हा बसवून घ्यायचे. यात निरुपद्रवी गोंडाही निघतो आणि घातक जाळीही निघते. दोन्ही परत चढतात. आणि तारा दरवेळी तोडून पुन्हा नुसत्या पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून जोडल्या जातात. गाडीच्या केबिनमध्ये आग लागण्यास आणखी काय हवे? अलीकडचे पांढरे एलईडी दिवे हा तर रात्री सायकलवर घरी जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर केलेला उघड अत्याचार आहे, आणि त्याविषयी माझ्या मनात सहानुभूतीचा लवलेश नाही. मालवाहू गाडीस पुढे पांढरी, मागे तांबडी आणि बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी सक्तीची आहे. तीच पट्टी वाघाच्या शेपटीखाली झाकून टाकणारा कलावंत कितीही कुशल असो, तो दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो आहे.

हे त्याला सांगणार कोण? परतवाड्यात रेडियम कापणारा, वायरिंग करणारा, वेल्डिंग करणारा, गादीकाम करणारा असे चार कारागीर शेजारी-शेजारी बसतात, आणि चौघांचे ज्ञान चौघांच्या बोटांत अडकून पडलेले आहे. त्यांचे गिऱ्हाईक नमुना आणते ते मोबाइलवरील चित्रफितीतून; पंजाबातली किंवा केरळातली एखादी झगझगती गाडी पंधरा सेकंद दिसते, गाणे वाजते आणि संपते. चित्रफीत झालेले काम दाखवते, ते कसे झाले हे दाखवत नाही. फ्यूज कुठे बसवला, वजन किती वाढले, याबद्दल ती मौन पाळते, आणि चुकलेल्या कामाची चित्रफीत तर कोणीच काढत नाही. मुंबईहून निघणारी इंग्रजी मोटार-मासिके या कारागिराच्या भाषेत बोलत नाहीत, आणि बोलली तरी त्यांच्या पानांवर दिसणाऱ्या गाड्या संत्र्याचे कॅरेट वाहणाऱ्या नव्हेत.

मराठीस हे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने आपले नांगर आणि यंत्रे कशी वापरावीत, हे गिऱ्हाइकांस कळावे म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक काढले; शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली तेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि त्याच्या घरातून ‘स्त्री’ व ‘मनोहर’ जन्मास आली. महाराष्ट्राच्या विचारविश्वास वळण लावणाऱ्या मासिकाचा उगम एका लोखंडी नांगराच्या जाहिरातीत होता, हे आपल्या साहित्यिकांना फारसे सांगावेसे वाटत नाही. आपल्या शेजारच्या नागपुरातून निघणाऱ्या ‘उद्यम’ने साबणापासून शाईपर्यंतच्या कृती छापून कित्येक घरांना पोटापाण्याचा धंदा शिकवला. यंत्राविषयी, कारागिरीविषयी स्वच्छ मराठीत लिहिण्याची परंपरा आपण मोडली, ती भाषेच्या दौर्बल्याने नव्हे, तर लिहिणाऱ्यांनी गॅरेजकडे पाठ फिरवल्याने.

मासिक काढा म्हटल्यावर दोन आक्षेप येतील, हे उघड आहे. पहिला असा, की छापील मासिकांचे दिवस सरले. अमेरिकेतील १९ बंद पडली, तेथे परतवाड्याचे काय चालणार? त्याला माझे उत्तर असे, की ती बंद पडण्यापूर्वी त्यांचे काम करून गेली होती. आपल्याकडे ते काम व्हायचेच आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मासिक म्हणजे जाहिरात, जाहिरात म्हणजे आणखी दिवे, आणखी कर्ज. हे खरे आहे, आणि ‘ट्रकिन’च्या जुन्या अंकांत त्याचा पुरावा पानोपानी मिळेल. म्हणूनच हे काम दुकानदारांच्या हाती न देता शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने, कारागिरांना सोबत घेऊन करावे, आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाने त्यात दोन पाने सवालजबाबासाठी आपल्याकडे घ्यावीत, ज्यांत कोणता बदल चालतो, कोणता चालत नाही, कोणत्या कलमाखाली, याचे लेखी उत्तर अधिकाऱ्याच्या सहीनिशी छापून येईल. तोंडी मुभा आणि तोंडी मनाई यांच्या मधल्या अंधारातच चिरीमिरीचा व्यवहार फोफावतो. छापील उत्तर दाखवणाऱ्या चालकापुढे तो आपसूक आखडता होईल.

पानांचा प्रश्न म्हणाल, तर बत्तीस पाने पुरेत. त्यांतील निम्मी तारा, फ्यूज, कमानपाटे आणि ब्रेक यांसाठी राखावीत. चार पाने कर्जाच्या हिशेबासाठी, म्हणजे सजावटीवर घातलेला पैसा किती फेऱ्यांनी वसूल होतो, हे मालकाला स्वतःच मांडता येईल असा तक्ता देऊन. आणि उरलेली रंगीत पाने त्या कारागिरांच्या कामासाठी, प्रत्येक छायाचित्राखाली गाडी कोणाची हे नसले तरी चालेल, पण अक्षरे कोणी कापली, वायरिंग कोणी केले, हे नाव-गावासह असावे. जुन्या ट्रकांवर रंगाऱ्याचे नाव कोपऱ्यात असे. रेडियमच्या जमान्यात ते पुसले गेले, आणि ज्याचे नाव कामावर नाही, त्याला काम बिघडल्याचा जाबही कोणी विचारत नाही. अंक दिवाळीत काढावा. तेव्हा आंबिया बहाराचा पैसा हातात खुळखुळत असतो, गाड्या सजवून घेण्यासाठी कारागिरांकडे याच दिवसांत रांगा लागतात, आणि रांगेत उभ्या असलेल्या चालकाकडे वाचायला वेळही असतो. किंमत एका साध्या एलईडी दिव्याहून जास्त ठेवू नये.